यादीतलं शेवटचं नाव

८ मे, गुरुवार

सरजाबाई भीमा गजभारे, अंगणवाडी सेविका, मु. पिंपळथडी, ता. बिलोली, जि. नांदेड. सत्तावीस वर्षं झाली, कुठलंही रजिस्टर उघडलं की पहिल्या पानावर हेच लिहायची हाताला सवय आहे. हे रजिस्टर मात्र ऑफिसला दाखवायचं नाही. मागच्या साली एक कोरं उरलं होतं. मनात घोळतंय ते कुणापाशी बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

कालपासून टीव्हीवर दुसरं काही नाही. भोंगे, लाल अक्षरं आणि ओरडणारी माणसं. सरहद्दीवर तोफेचे गोळे पडून राहिलेत म्हणतात. माझी धम्मप्रिया तिथंच आहे. कॅप्टन धम्मप्रिया गजभारे, पलटणीची डॉक्टर. कुठल्या डोंगरावर ते सांगायची तिला परवानगी नाही. मंगळवारी संध्याकाळी फोन आला होता. "आई, दोन-चार दिवस फोन लागला न्हाई तर घोर लावून घेऊ नको. इकडं रेंज नसते." मी विचारलं, "जेवलीस का?" म्हणाली, "हाव. राजमा होता." एवढ्यावर बोलणं संपलं. आता वाटतं, राजम्यावर का घालवला मी फोन?

आज सतरा लेकरांची वजनं घेतली. काट्यावरचा आकडा वाचायची एक आणि लिहायची भलताच. मदतनीस उज्वला म्हणाली, "बाई, दीड वर्षाचा गडी एकवीस किलोचा लिहिलाव तुम्ही."

हे सकाळीच फाट्यावर गेले. हे म्हणजे धम्मप्रियाचे पप्पा. एसटीत ड्रायव्हर होते, पारसाल रिटायर झाले. पेपर घरी येतो, तरी पेपर आणतो म्हणून फाट्यावर जाऊन बसतात. माझ्या जिवाला इथं घोर लागलाय आणि ह्यांना फाटा सुचतो.

१० मे, शनिवार

गोळीबार थांबला असं संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं. गल्लीत कुणीतरी फटाके उडवले. मी चुलीवर चहा ठेवला होता, तो उतू गेला तरी उठले नाही. लेकीचा फोन काही लागत नव्हता.

तेवढ्यात माझा पोरगा आदर्श आला. लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास चालतात, तिथं तो फिजिक्स शिकवतो. येतो म्हणून कळवलं नव्हतं. चप्पल न काढताच आत आला आणि म्हणाला, "आई, प्रियाला थोडं लागलंय. हाताला. घाबरायचं काम न्हाई."

"कसं लागलं?"

"गोळ्याचा तुकडा घासून गेला. खरचटल्यावाणी हाय. दवाखान्यात ठेवलंय, चार दिवसांनी बोलंल ती."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी त्याच्यावरच चिडले. एवढ्यासाठी क्लास बुडवून लातूरहून कशाला यायचं? फोन केला असता तर भागलं नसतं का? तो हातपाय धुवायला म्हणून न्हाणीत गेला तो बराच वेळ आला नाही. पोराची तब्येत बरी दिसत नाही. लातूरचं पाणी मानवत नसेल.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

विहारात गेले. दरवर्षी खिरीचं पातेलं माझ्याकडं असतं, यंदा बायकांनी मला ढवळूच दिलं नाही. "सरजाबाई, तुम्ही बसा निवांत." वंदना म्हणताना मन थाऱ्यावर नव्हतं. बुद्धासमोर बसून पलटणीतल्या पोरीसाठी काही मागावं का, हा विचार आला. मग वाटलं, ती काही कुणाला मारायला गेली नाही. ज्याला लागलं त्याला वाचवायला गेली. तिच्यासाठी मागितलं तर चालेल.

मागितलं.

२० मे, मंगळवार

आज व्हिडिओ कॉल! दहा मिनिटं! आदर्शनं जोडून दिला. पोरगी वाळली आहे, पण हसत होती. दवाखान्याच्या पलंगावर उशी लावून बसलेली. मी म्हणलं, "जखम दाखव." म्हणाली, "आई, पट्टी बांधलेली हाय, त्यात काय बघायचं?" तेवढ्यात कुणी चहा आणून दिला. उजव्या हातानं कप धरून पिली. मला बरं वाटलं. लहानपणापासून ती डावखुरी. डाव्या हातानं जेवते म्हणून माझ्या सासूबाईंनी किती आदळआपट केली, पण तिनं हात बदलला नाही. मिलिटरीनं बरोबर वळण लावलं म्हणायचं.

ह्यांना म्हणलं, तुम्हीपण बोला. हे फोन हातात घेऊन नुसते बघत राहिले. "बरं हाय ना, माय?" एवढंच म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला.

सध्या ह्यांचं एक नवीन चाललंय. फाट्यावर बाभळीखाली बसून मोबाईल कानाला लावून असतात. मी दळण आणायला गेले तेव्हा बघितलं. स्वतः एक शब्द बोलत नाहीत, नुसतं ऐकतात. बंद करतात आणि परत लावतात. कुणाचं एवढं ऐकायचं असतं काय माहीत.

४ जून, बुधवार

सगळ्यांनी मिळून मला फसवलं.

आदर्श काल तिला बघून आला. तिला आता पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात आणलंय. त्याच्या बॅगेत कागद होते. मी इंग्रजी वाचत नाही, पण लेकरांच्या वजनाचे कागद हाताळून हाताळून एवढं कळतं, की नुसतं खरचटलं असेल तर फाईल इतकी जाड होत नाही. त्याला समोर बसवलं. "खरं सांग."

खरं असं आहे. तुकडा डाव्या हाताच्या कोपराखाली आरपार गेला. नस तुटली. दोन ऑपरेशनं झाली. तीन बोटं वळत नाहीत, त्यांना गरम-थंड कळत नाही. तिला सर्जन व्हायचं होतं. त्या परीक्षेची पुस्तकं अजून इथं माळ्यावर आहेत.

ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पलटणीतून फोन ह्यांनाच आला होता. फाट्यावर कानाला लावून ऐकायचे ते तिचेच जुने व्हॉइस मेसेज, हेपण आदर्शनंच सांगितलं. मला कुणी सांगितलं नाही. उद्या मी मेले तरी मला कळवणार नाहीत.

आणखी एक गोष्ट आदर्शच्या तोंडून निसटली. तिथला मोठा डॉक्टर म्हणाला, हात सहा-आठ तास आधी पोहोचला असता तर कदाचित बोटं वाचली असती. मी विचारलं, मग उशीर का झाला? तो म्हणाला, सात जण जखमी होते, रस्त्यावर गोळे पडत होते, गाडी एकच. यादी करून एकेकाला नेलं. प्रियाचं नाव यादीत शेवटी होतं. सकाळी लागलं आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली.

शेवटी! स्वतः डॉक्टर, ऑफिसर, आणि नाव शेवटी? कुणी केली ही यादी? कोणत्या साहेबानं माझ्या पोरीला सातवी लिहिली? आमच्या लोकांची नावं कायम तळाला, हे मी आयुष्यभर बघत आले. तिथंही तेच असेल तर मी गप्प बसणार नाही.

६ जून, शुक्रवार

अर्ज लिहिला. त्याची नक्कल इथं उतरून ठेवते.

"मा. कर्नल साहेब यांचे सेवेशी. विषय: जखमींची यादी करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी करणेबाबत. अर्जदार सरजाबाई गजभारे विनंती करते की, माझी मुलगी कॅप्टन धम्मप्रिया ही दि. ८ मे रोजी जखमी झाली असता तिला सर्वांत शेवटी दवाखान्यात पाठवणेत आले. त्यामुळे तिच्या हाताचे कायमचे नुकसान झाले. सदर यादी कोणी केली त्याचे नाव कळावे व त्याचेवर योग्य ती कारवाई व्हावी. तसेच माझ्या मुलीस सन्मानाने घरी पाठवावे. तिने देशासाठी पुरेसे केले आहे."

पलटणीत मराठी आणि कानडी जवान पुष्कळ आहेत. कुणीतरी साहेबाला वाचून दाखवील.

ह्यांना म्हणलं, खाली सही करा. अर्ज दोनदा वाचला आणि परत दिला. "तू पाठव. मी सही करणार न्हाई."

"का?"

"मी ड्रायव्हर माणूस. गाडीत कुणाला आधी बसवायचं ते ज्यानं ठरवलं, त्याच्याजवळ काही कारण असंल."

माझा संताप झाला. स्वतःच्या लेकीपेक्षा ह्यांना गाडीचे नियम मोठे. एकटीच बिलोलीला गेले आणि स्पीड पोस्टानं अर्ज टाकला.

२९ जून, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

दुपारी दारात जीप थांबली. आधी एक बाई उतरली, माझ्याच वयाची, हिरवं इरकल नेसलेली, कपाळाला विभूती. मग कुबड्या टेकवत एक उंच गडी उतरला. उजवा पाय मांडीपासून नव्हता. त्यानं कुबडी बगलेत धरून मला कडक सलाम ठोकला.

"मावशी, मी लान्स नायक विरूपाक्ष. गाव आमचं देगलूरच्या पल्याड, कर्नाटकात. ही माझी आई, शांतम्मा. मॅडमनी वाचवलेला मीच."

शांतम्मा माझ्या पायाशी वाकायला लागली. मी तिचे खांदे धरले. ती म्हणाली, "नन्न मगा बदुकिदाने, अक्का." आणि पोराकडं बोट दाखवून रडायला लागली. माझा पोरगा जिवंत आहे, असं म्हणत होती. कानडी मला येत नाही, पण ते कळलं.

हे फाट्यावरून धावत आले. सगळे ओसरीवर बसलो. मी म्हणलं, "विरूपाक्ष, आमची लेक काहीच सांगत न्हाई. तू सांग. काही गाळू नको."

त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते.

"त्या दिवशी सकाळी साडेपाचला गोळे पडाय लागले, मावशी. माझा बंकर वरच्या अंगाला. एक गोळा थेट छपरावर. तुळई माझ्या मांडीवर आली. रक्त असं व्हायलं की बूट भरला. रेडिओ हाताशी होता. मी म्हणलो, मला सोडा, कुणी वर येऊ नका. मधे ऐंशी पावलं उघडं रान हाय आन् गोळे तिथंच पडून राहिले. मॅडम खालच्या बंकरात होत्या. सुभेदार साब म्हणले, मॅडम, जरा थांबा, मारा कमी होऊ द्या. मॅडम म्हणल्या, 'मांडीची नस तुटली असंल तर त्याच्यापाशी पाच मिन्टं बी न्हाईत.' आन् निघाल्या. संगं आमचा नर्सिंग असिस्टंट, प्रेम.

रांगत आल्या. प्रेमनं तुळई उचलून धरली, मॅडमनी मांडीला रक्त थांबवायचा पट्टा बांधला. त्याला एक दांडी असती, ती पिळायची. अर्धी पिळली आन् बाजूला गोळा पडला. मला नुसती धूळ दिसली. धूळ बसली तर मॅडमच्या डाव्या बाहीच्या चिंध्या झालेल्या. घड्याळात बघावं तसं हाताकडं एकदा बघितलं त्यांनी. मग पट्ट्याचं टोक दातात धरलं, गुडघा माझ्या मांडीवर रोवला आन् उजव्या हातानं दांडी पिळून बसवली. माझे डोळे मिटाय लागले तर ओरडल्या, 'विरूपाक्ष, घरी म्हैस हाय का? नाव सांग तिचं!' मी म्हणलो, गौरी. 'दूध किती देती? बोल, झोपू नको!' असं विचारत विचारत मला खाली वढत आणलं दोघांनी."

शांतम्माला मराठी थोडं कळतं. गौरी म्हणल्यावर ती रडता रडता हसली.

"खाली आणल्यावर त्यांनी आधी स्वतःचा हात बांधून घेतला, गळ्यात अडकवला आन् कामाला लागल्या. सात जखमी, त्यांना धरून. एका हातानं सगळ्यांना बघितलं. जिथं दोन हात लागतात तिथं प्रेमचे हात, डोकं मॅडमचं. मग मार्कर घेतला आन् ज्याच्या-त्याच्या कपाळावर आकडा टाकला. मला एक. पोटात लागलेल्या शिपायाला दोन. गाडी एकच, एका खेपंला दोघं जाणार. रस्त्यावर मारा होता, एका खेपंला चार-चार, पाच-पाच घंटे लागले."

माझ्या तोंडून शब्द निघाला, "मग ती यादी कुणी केली? कुणाला आधी न्यायचं, ती?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मॅडमनीच की. ते काम डॉक्टरचंच असतंय, मावशी. सुभेदार साब हात जोडून म्हणले, तुमचा हात काळानिळा पडून राहिला, तुम्ही पहिल्या गाडीत बसा. मॅडम म्हणल्या, 'डॉक्टर मी हाय का तुम्ही?' आन् स्वतःच्या मनगटावर सात लिहिलं. सगळ्यात शेवटी."

मी उठून घरात गेले. माठापाशी उभी राहिले. अर्जातला शब्द न् शब्द आठवत होता. 'सदर यादी कोणी केली त्याचे नाव कळावे.'

शांतम्मा मागोमाग आत आली. माठातलं पाणी स्वतः घेऊन पिली, चुलीपाशी बसली आणि परातीत पीठ ओढलं. आम्ही दोघींनी मिळून भाकरी केल्या. मी थापायच्या, तिनं भाजायच्या. तिच्या जातीची बाई आमच्या चुलीपुढं बसलेली मी पहिल्यांदा बघितली. जेवायला माझ्यासोबत एकाच ताटावर बसली. जाताना माझा हात घट्ट धरून काहीतरी लांबलचक बोलली. विरूपाक्षनं अर्थ सांगितला. "आई म्हणती, तुमच्या पोटी जन्मलेल्या लेकीनं मला माझा लेक दुसऱ्यांदा दिला."

ह्यांनी जीप फाट्यापर्यंत पोहोचवली. मी ओसरीवरच बसून राहिले. छाती भरून येत होती आणि त्याच वेळी शरमेनं मान वर होत नव्हती. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

३० जून, सोमवार

दुसरा अर्ज लिहून टाकला. "विषय: दि. ६ जूनचा अर्ज मागे घेणेबाबत. यादी करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मला कळले आहे. कारवाई करू नये." ह्यांनी आज न सांगता सही केली. माझ्या नावाच्या वर केली, पण चालेल.

१२ जुलै, शनिवार

धम्मप्रिया घरी आली!

गावानं सोमवारी ट्रॅक्टरवरून मिरवणुकीचं ठरवलं होतं. ते टाळायला पोरगी दोन दिवस आधीच निघाली. नांदेडहून साध्या एसटीनं आली आणि फाट्यावर उतरली. हे तिथं बसलेलेच होते. दोघं चालत घरी आले. ह्यांनी तिची बॅग डोक्यावर घेतलेली, गळ्यातला टॉवेल ओला. घाम फार येतो ह्यांना.

मी तिचा हात हातात घेतला. कोपरापासून मनगटापर्यंत वण. तीन बोटं अर्धवट वाकलेली, थंडगार. दाबून बघितलं. "कळतं का?" म्हणाली, "न्हाई." मी ती बोटं दोन्ही हातांत धरून बसले. ऊब कळत नसली तरी धरली.

जेवण झाल्यावर तिनं बॅगेतून एक पाकीट काढलं. माझा अर्ज.

"आमच्या कर्नल सरांनी दिला. म्हणाले, कॅप्टन, तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय. चौकशी करायची का?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. "आई, आख्ख्या पलटणीत माझी चौकशी मागणारी तू एकटीच. सगळे मला शाबासकी देऊन राहिले होते."

"मला काय ठाऊक, बाई? मला वाटलं आपलं नाव बघून कुणी..."

"तिथं माझ्या हातात मार्कर होता, आई. नाव मीच लिहिणार होते."

मग जे महिनाभर विचारायचं होतं ते विचारलं. "पहिल्या गाडीत बसली असतीस तर हात वाचला असता?"

"बहुतेक वाचला असता."

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"डॉक्टर हाय मी. बोटं बधिर व्हायला लागली तेव्हाच कळलं."

"तरी?"

ती माझ्याकडं सरकली. "दोन नंबरच्या पोराला पोटात लागलं होतं. उशीर झाला असता तर तो रस्त्यातच गेला असता. बाकीच्यांचं बी तसंच. माझा फक्त हात जाणार होता. आई, तुझ्या अंगणवाडीत खाऊ कमी पडला तर तू काय करतीस? जे लेकरू लई अशक्त त्याला आधी देतीस ना?"

"खाऊ वेगळा, बाई."

"सातही जण जिवंत हाईत आज," ती म्हणाली. पण मी अजूनही म्हणते, खाऊ वेगळा.

२ ऑगस्ट, शनिवार

धम्मप्रिया दिवसभर दोऱ्याच्या गाठी मारत बसते. कपाटाच्या कडीला दोरा अडकवायचा आणि उजव्या हातानं गाठ. ऑपरेशनमध्ये मारतात तसली. कडीला दोऱ्याची वेणी झाली आहे. आज दुपारी गाठ सुटली, परत सुटली, तिनं पेला भिंतीवर फेकला. मी धावले तर म्हणाली, "आई, जरा बाहेर थांब." मी दाराबाहेर थांबले. आतून आवाज येत नव्हता. अर्ध्या तासानं आली आणि काचा स्वतः गोळा केल्या. मी पण बसले गोळा करायला.

मग तिनंच विचारलं, "आज भाजी काय?"

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडा तिच्या हस्ते झाला. वर्दी घातली होती. दोरी उजव्या हातानं ओढली आणि डाव्या हाताला गुंडाळून धरली. तीन बोटं सरळ होत नव्हती, तरी दोरी हलली नाही. सरपंचांनी भाषणात तिला वाघीण म्हणलं. तिला बोलायला सांगितलं तर दोन मिनिटंच बोलली, आणि त्यातही प्रेमचं नाव चारदा घेतलं. "तुळई त्यानं उचलली होती. त्याच्या अंगावर बी तेच गोळे पडत होते."

मग मिरवणूक निघाली. आता तिला नाही म्हणता आलं नाही. गावातून लेझीम खेळत पोरी पुढं. मारुतीच्या पारापाशी मिरवणूक कायम उजवीकडं वळते. आज वळली नाही. सरळ खाली आमच्या गल्लीत आली, विहारापर्यंत. मी चोपन्न वर्षांची झाले. पारापासून खाली गावाची मिरवणूक आलेली आज बघितली. अण्णाराव पाटलांची म्हातारी कस्तुराबाई हातात आरतीचं ताट घेऊन चालत आमच्या दारात आली. मी पदर सावरला आणि धम्मप्रियाला पुढं केलं.

रात्रीची भाजी खारट झाली, तरी सगळ्यांनी खाल्ली.

१० सप्टेंबर, बुधवार

धम्मप्रिया तपासणीला परत पुण्याला गेली होती, तिथून आज तिचा फोन आला. मेडिकल बोर्ड झालं. हात पूर्ण बरा होणार नाही, सर्जन होता येणार नाही. घरी जायचं असेल तर सन्मानानं जाता येईल, असं तिला विचारलं होतं. तिनं नोकरीत राहायचं मागितलं आणि त्यांनी ठेवून घेतलं. चौकीवर नाही, उत्तरेतल्या मोठ्या मिलिटरी दवाखान्यात. जखमी आले की सगळ्यांत आधी त्यांना बघायचं, ते काम. पदकासाठी नाव पाठवलंय म्हणे. येईल तेव्हा येईल.

घरी ये, हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. खरं लिहायचं तर अजून आहेत.

माळ्यावरची सर्जनची पुस्तकं आदर्श लातूरला घेऊन गेला. एका हुशार मुलीला देतो म्हणाला.

२४ सप्टेंबर, बुधवार

पुण्याहून येऊन चार दिवस राहिली आणि आज पोरगी नव्या दवाखान्यात निघाली, सकाळी साडेनऊच्या सचखंड एक्स्प्रेसनं. आम्ही आठलाच नांदेड स्टेशनावर. फलाट गुरुद्वाऱ्याच्या यात्रेकरूंनी भरलेला. धम्मप्रिया साध्या कपड्यात होती, पण चालते ती वर्दीतल्यासारखीच. ह्यांनी बॅग घ्यायला हात पुढं केला, तर तिनं बॅग डाव्या कोपरात अडकवून दाखवली. "बघा पप्पा, जमतंय."

मी डबा दिला. धपाटे आणि शेंगाची चटणी, सहा जणांना पुरतील एवढे. खिडकीपाशी बसली. गाडी सुटायला चार-पाच मिनिटं होती. खिडकीच्या गजांतून तिनं माझा हात धरला, त्याच हातानं. थंड होता.

"आई, एक विचारू? परत तशी वेळ आली तर मी तेच करीन. तुला चालंल का?"

डोळ्यांपुढं शांतम्माचं घर आलं. कुबड्या दाराला टेकवून जेवायला बसलेला पोरगा, आणि त्याला वाढणारी आई. बाकीच्या पाच घरांतपण कुणीतरी जेवायला बसलं असेल. त्यांची नावं मला माहीत नाहीत.

"न्हाई चालणार," मी म्हणलं. "मला कधीच चालणार न्हाई. पण तू तेच कर."

तिनं हात दाबला. दोन बोटांनी दाबला, तीन तशीच राहिली.

गाडी हलली. हे तिच्या खिडकीसोबत चालत चालत फलाटाच्या टोकापर्यंत गेले. परत आले तेव्हा तोंड कसंतरी झालं होतं. मी म्हणलं, "रडा की थोडं. कुणी बघत न्हाई."

म्हणाले, "सेविकाबाई, आधी तुम्ही."

मग आम्ही दोघं बाकावर बसलो आणि रडून घेतलं. लाज वाटली नाही. शेजारी एक म्हातारे सरदारजी बसले होते. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि विचारलं, "कौन गया, बहनजी?"

मला हिंदी बोलायला जमत नाही. मिटिंगमध्ये हिंदीत बोलायची वेळ आली की मी उज्वलाला पुढं करते. आज मी पदरानं तोंड पुसलं, ताठ बसले आणि म्हणाले, "मेरी बेटी. फौज में डॉक्टर है. कॅप्टन धम्मप्रिया गजभारे."

सरदारजी उठून उभे राहिले. गाडी गेली होती त्या दिशेला तोंड करून त्यांनी हात जोडले.